कोठ्यामागची जीप

औसा, निलंगा, कंधार, मुखेड, किनवट, कुठल्याही तालुक्यातल्या आडवाटेनं जा, एखादी तरी जुनी जीप कोठ्यामागं नाहीतर आखाड्यावर उभी दिसते. टायर बसलेले, मागच्या बाकावर कडबा, बॉनेटवर कोंबड्या. मालकाला विचारलं की उत्तर ठरलेलं, "बापाच्या वेळची हाय, चालू करायचीय एकदा." आज त्या 'एकदा'विषयी बोलायचं आहे. मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवत आलो, त्यामुळे बोलणं थोडं पान्या-स्क्रू-ड्रायव्हरचं होईल, सांभाळून घ्या.

ही गाडी मुळात लढाईची. १९४० मध्ये अमेरिकी लष्कराला चारही चाकांना ताकद देणारी हलकी गाडी हवी होती आणि पहिला नमुना तयार करायला त्यांनी कारखानदारांना फक्त ४९ दिवस दिले. घाईत नक्षीकाम होत नाही. चौकटीसारखी चेसीस, पाट्यांवर बसवलेले दोन ॲक्सल, वर पत्र्याचा डबा, संपलं. महिंद्रा बंधूंनी १९४७ मध्ये विलीज कंपनीच्या जीपा सुट्या भागांत आणून मुंबईत जोडायला सुरुवात केली. दोनच वर्षांपूर्वी, २ ऑक्टोबर १९४५ ला सुरू झालेली ही कंपनी. त्यांचे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे कंपनीच्या नावात दोनदा महिंद्रा आलं ते १९४८ मध्ये.

आपल्याकडे जुन्या माणसांना आठवते ती उंच बॉनेटची जीप, सीजे-थ्री-बी. बॉनेट उंच केलं ते ऐटीसाठी नव्हे. तिच्या हरिकेन इंजिनात आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर सोडणारा खाली ब्लॉकमध्ये, त्यामुळे इंजिनच उंच झालं आणि झाकण वर न्यावं लागलं. जपानमध्ये मित्सुबिशी याच घडणीच्या जीपा थेट १९९८ पर्यंत बनवत होती. आपल्याकडे १९८५ मध्ये एमएम-५४० आली, प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन घेऊन. कोठ्यामागं सापडते ती बहुधा या दोन घराण्यांपैकी एक.

मराठवाड्यात ती आली सरकारी नोकरीत. तहसील, पाटबंधारे, कृषी खातं, जिल्हा परिषद, पोलीस. जायकवाडीचे कालवे, विष्णुपुरी, मांजरा, या कामांवर साहेब आणि ओव्हरसियर जीपमधूनच फिरले. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं, किल्लारीचा भूकंप. त्यानंतर पाऊसही लागला आणि काळ्या मातीचे रस्ते लोण्यासारखे झाले. ज्यांनी ते आठवडे पाहिले त्यांना चार चाकांनी ओढणाऱ्या गाडीची किंमत सांगायला नको.

सरकारी जीप म्हातारी झाली की तिचं निर्लेखन व्हायचं, मग लिलाव. कुणी गुत्तेदार घ्यायचा, कुणी सरपंच, कुणी सोयाबीनवाला शेतकरी. तो झरा आता आटला आहे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणीच संपते आणि त्या थेट भंगार केंद्राकडे जातात. म्हणजे यापुढं लिलावातून नवी जुनी जीप गावात येणार नाही. उभी आहे तेवढीच.

आता तिला रस्त्यावर आणायचं म्हटलं की लोक आधी रंगवाल्याकडे जातात. मिलिटरी हिरवा की काळा यावर पानटपरीवर आठवडाभर चर्चा. माझं म्हणणं असं की पहिला खर्च झेरॉक्सचा करा. गाडी कुणाच्या नावावर आहे? वडील वारले असतील तर वारसाच्या नावानं फॉर्म ३१ भरावा लागतो. दुसऱ्याकडून घेतली असेल तर फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याची सही हवी, आणि तो विकणारा कधीकधी पुण्याला नाहीतर देवाघरी गेलेला असतो. लिलावातली असेल तर खात्याचं विक्रीपत्र शोधा. सातबाऱ्यावर जसा सोसायटीचा जुना बोजा पैसे फिटले तरी राहून जातो, तसाच आरसी बुकावर एखाद्या बँकेचा बोजा राहिलेला असतो, आणि बँकेनं फॉर्म ३५ वर सही दिल्याशिवाय तो उतरत नाही. शिवाय जुन्या वहीतली नोंद संगणकावर चढलेलीच नसली तर तो वेगळा हेलपाटा.

कागद बघितले की चेसीसवरचा नंबर शोधा. घासणारी तारेची बरश घ्या, चिखल आणि ग्रीस काढा, वर कागद धरून पेन्सिल फिरवा. आरटीओतही असाच पेन्सिलचा ठसा घेतात. तो आरसीशी अक्षरन् अक्षर जुळला तर पुढं जा. नंबर गंजून पुसट झाला असेल तर पंच घेऊन स्वतः ठोकायला बसू नका, तो गुन्हा ठरतो. इंजिनाचा नंबर तर हमखास वेगळा निघतो. पेट्रोल परवडेना म्हणून आपल्याकडे कितीतरी जीपांत डिझेल इंजिनं बसवली गेली, पण आरसीवर इंधन पेट्रोलच राहिलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल परवानगीनं आणि नोंद करूनच चालतो. ही गाठ सुटत नसेल तर त्या गाडीवर पैसा घालू नये, असं मी स्पष्ट सांगतो. लोकांना राग येतो, येऊ द्या.

कागद जमले, आता गाडीकडे. इथं आपल्या भागातली एक ठरलेली रीत आहे आणि ती घातक आहे. बॅटरी नाही, काही नाही, जीपला ट्रॅक्टरच्या मागं दोर बांधायचा, गिअरात टाकायची आणि ओढायची. दहा वर्षं उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा गंजून चिकटलेल्या असतात. तुम्ही ओढता तेव्हा त्या सुटत नाहीत, तुटतात. त्याऐवजी नोझल काढा, पेट्रोल असेल तर प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा आणि दोन दिवस विसरून जा. मग पुढून हँडल घालून किंवा पुलीच्या नटाला पाना लावून हातानं हळू फिरवा. फिरलं तर नशीब चांगलं. अडलं तर जोर लावू नका, हेड उघडा. खालचं ऑइल काढून बघा, पांढुरकं निघालं तर आत पाणी शिरलंय.

डिझेलची टाकी उतरवूनच घ्यावी. तळाला गाळ, पाणी, गंज सगळं असतं. टाकीत हवा जाण्याच्या नळीच्या तोंडाशी कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं असतं, ते टोकरून काढा, नाहीतर गाडी दोन किलोमीटर जाऊन बंद पडेल आणि दोष पंपाला लागेल. पंप आणि नोझल मात्र कॅलिब्रेशनवाल्याकडेच द्या, ते चिमट्या-पकडीचं काम नाही. प्यूजो इंजिन थंडीत उठत नसेल तर हीटर प्लग तपासा, बऱ्याचदा एवढंच असतं.

लातूर-नांदेडच्या गाडीचे दोन खास आजार आहेत. पहिला बोअरच्या पाण्याचा. खोल बोअरचं क्षाराचं पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतलं जातं, आत पांढरा थर बसतो आणि मे महिन्यात गाडी तापते. रेडिएटर उघडून नळ्यांतून सळई फिरवून घ्या, आणि पुन्हा भरताना कूलंट घाला. इंजिनाच्या बाजूला बसवलेल्या पत्र्याच्या गोल टिकल्याही आतून सडलेल्या असतात, त्या बदलायला पैसे फार लागत नाहीत, पण न बदलल्या तर माळाकोळीच्या रस्त्यावर सगळं पाणी खाली जातं. दुसरा आजार खताचा. कोकणातल्या गाडीचा पत्रा खाऱ्या हवेनं जातो, आपली हवा कोरडी, पत्रा टिकायला हवा. तरीही मागचा तळ चाळणी झालेला असतो, कारण त्यावर युरियाची पोती वाहिलेली असतात. सांडलेलं खत, वरून पावसाचं पाणी. रबरी मॅट उचलल्याशिवाय हे दिसत नाही. वेल्डिंगवाला त्यावर नवा पत्रा चिकटवून देतो आणि खालचा सडका तसाच ठेवतो. सडका कापायला लावा. चेसीसच्या आडव्या पट्ट्यांवर हातोडीनं टकटक करत जा, कान सांगतील.

इंजिन सुरू झालं की मालकाचा आनंद मावत नाही आणि तो गाडी फाट्यापर्यंत नेऊन आणतो. ब्रेक कुठं आहेत? जुन्या सीजेमध्ये मास्टर सिलिंडर पायाखाली चेसीसला असतो, सगळा चिखल तिथंच उडतो. शिवाय चारही चाकांना एकच तेलाची वाट, म्हणजे कुठल्याही एका चाकाशी गळती झाली की पायडल थेट फळीला टेकतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं आणि व्हील सिलिंडर आतून गंजतात. नुसते रबर बदलून भागत नाही, सिलिंडरला आत खड्डे पडले असतील तर नवा घ्या. लोखंडी नळ्या, रबरी होज, लायनर, सगळं. माझ्या मते इंजिनाच्या आधी हे काम व्हायला हवं, पण थांबण्यासाठी पैसा खर्च करायला माणूस तयार नसतो, पळण्यासाठी असतो.

मग पुढचा ॲक्सल. इथं मला थोडं रेंगाळू द्या, कारण जीपची सगळी कला इथं आहे. पुढच्या चाकांनी वळायचंही आणि ओढायचंही. म्हणून चाकाच्या आत एका गोल लोखंडी कवचात जॉइंट बसवलेला असतो आणि कवचाभोवती फेल्टचं सील. सील फाटलं की नाल्याचं पाणी आत जातं, ग्रीस निघून जातं, किंगपिनची बेअरिंगं झिजतात. मग चाळीसच्या वेगाला खड्डा लागला की स्टिअरिंग हातात थरथरायला लागतं, ते गाडी थांबवेपर्यंत थांबत नाही. यावर सगळीकडे एकच इलाज चालतो, स्टिअरिंगचा डबा आवळायचा. त्यानं स्टिअरिंग जड होतं, थरथर तशीच राहते. बेअरिंग बदला, शिम घालून बरोबर ताण द्या, टाय रॉडची टोकं आणि मधला बेलक्रँक बघा. नांदेडात मिळालं नाही तर सिकंदराबादचं राणीगंज आहे, मुंबईचं कुर्ला आहे, आणि दिल्लीच्या कश्मीरी गेटला तर जीपचं काय मिळत नाही ते विचारा.

फोर व्हीलचा दांडा बऱ्याच गाड्यांत गंजून जाम असतो, कारण मालकानं तो कधी वापरलेलाच नसतो. ट्रान्सफर केसमधलं गिअर ऑइल काढा, त्यात लोखंडाचा चुरा किती आहे बघा, सील बदला. आणि एक लक्षात ठेवा, ही चारचाकी ओढ डांबरी रस्त्यासाठी नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि या गाडीत पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये तो फरक सोडायची सोय नाही. चिखलात चाक घसरून तो ताण निघून जातो, डांबरावर तो गिअरांवर आणि प्रोपेलरच्या क्रॉसवर येतो. काळ्या रानात पहिल्या पावसानंतर मात्र फार शेखी मिरवू नका. टायरच्या नक्षीत माती भरली की चारही चाकं गुळगुळीत होतात, आणि चार चाकांनी रुतलेली गाडी काढायला शेवटी बैलच आणावे लागतात. मूळचे ६.००-१६ चे बारीक टायर माती कापून खालच्या टणक थराला टेकतात. रुंद टायर घालणाऱ्यांना हे पटत नाही, आणि त्यांचा किंगपिनचा खर्चही दुप्पट होतो. टायर घेताना बाजूवरचे चार आकडे वाचा. २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी असा टायर नको.

हरियाणातल्या मंडी डबवालीहून आणलेल्या किंवा तशा सजवलेल्या जीपा हल्ली मिरवणुकीत दिसतात, चाकं बाहेर, बंपर ट्रकचा, कर्णा रेल्वेचा. हौसेला मोल नसतं, मान्य. पण सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय की कारखान्यानं दिलेल्या मूळ रचनेत फेरफार करता येत नाही, आणि पासिंगच्या दिवशी ते सगळं उतरवावं लागतं. मला विचाराल तर साध्या ताडपत्रीची, मूळ दिव्यांची जीप जास्त देखणी.

पासिंगचं सांगून संपवतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढं दर पाच वर्षांनी फॉर्म २५ वर नूतनीकरण, पर्यावरण कर वेगळा. मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झालं आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीला १०,००० केलं गेलं. पन्नास वर्षांवरची आणि मूळ रूपातली असेल तर २०२१ च्या नियमांनी तिला व्हिंटेज म्हणून 'व्हीए' अक्षरांचा नंबर घेता येतो, नोंदणी २०,००० रुपयांना. पण त्या नंबरावर रोज शेताला जाता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन एवढ्यासाठीच ती बाहेर काढायची. म्हणून शेतकऱ्यानं साधं नूतनीकरणच घ्यावं. निरीक्षकासमोर नेण्याआधी हॉर्न, वायपर, इंडिकेटर, हातब्रेक आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेटचं काम पुरं करा, विम्याचा कागद बरोबर ठेवा, आणि शक्यतो सकाळच्या गर्दीत जा, दुपारी ऊन फार असतं.