जुन्या दप्तराची निवृत्ति

नांदेडचा शेतकरी सातबारा काढतो, तेव्हां जमीन आज कोणाच्या नांवें आहे तें त्याला समजतें. ती त्या नांवावर कशी आली, हें मात्र फेरफाराची नोंदवहीच सांगते. संगणकाच्या आज्ञावलींचेंही असेंच दप्तर असतें. कोणती ओळ कोणीं, केव्हां व कां बदलली, याची नोंद त्यांत राहते. २००५ सालीं लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनीं 'गिट' ही पद्धति निर्माण केली. पुढें अनेकांनीं 'सबव्हर्जन'मधील आपलीं दप्तरें तिच्यांत हलविलीं. अशा वेळीं केवळ अखेरची प्रत नेणें म्हणजे सातबारा ठेवून फेरफार जाळण्यासारखें आहे.

मराठवाड्याच्या महसुली दप्तरानें अशीं स्थित्यंतरें पाहिलीं आहेत. १९४८ पर्यंतचे कागद निजामी राजवटींतले, बहुधा उर्दू भाषेंतले व फसली सनाचे. १९८२ मध्यें तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतून लातूर वेगळें झालें. पुढें सातबारा संगणकावर आला. तरीही २०२३ मध्यें न्यायमूर्ति संदीप शिंदे समितीला कुणबी नोंदींसाठीं तेच उर्दू व मोडी कागद धुंडाळावे लागले. ज्याच्या पणजोबाची नोंद सांपडली, त्याला दाखल्याचा आधार मिळाला. ज्याचें पान वाळवीनें खाल्लें असेल, त्यानें काय दाखवावें?

म्हणून नवें दप्तर इतिहासासह भरावें, दोहोंचा ताळा पाहावा, मगच जुन्यांत नवी नोंद बंद करावी. त्यावर नव्या दप्तराचा पत्ता लिहावा, आणि तें वाचावयास खुलें ठेवावें. निवृत्त दप्तराला विश्रांति द्यावी, मूठमाती नव्हे.