विजेच्या तारेवरील निरोप आणि एका आजींची तक्रार

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व कार्यालयीन कर्मचारी यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी तंत्रज्ञ नाही. कला शाखेचा पदवीधर आणि माहिती खात्यातील एक अधिकारी, एवढाच माझा परिचय. तरीही आज एका तांत्रिक विषयावर चार शब्द बोलावयाचे मी ठरविले आहे; कारण तक्रार कशी ऐकावी, हे मी त्या विषयातून शिकलो.

२००९ साली मी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात माझ्या थोरल्या भगिनीकडे काही दिवस राहिलो होतो. तिच्या वृद्ध सासूबाईंच्या उशाशी एक बटण होते. ते दाबले की न्हाणीघराच्या वाटेवरील दिवा लागे. त्यासाठी वेगळी तार ओढलेली नव्हती. घरातील नेहमीच्या विजेच्या तारांवरूनच दिव्याच्या मॉड्यूलला निरोप जाई. मात्र काही रात्री दिवा लागत नसे. घरची मंडळी म्हणत, 'आई, तुम्ही बटण नीट दाबत नाही.' एके रात्री त्या अंधारात ठेचकाळल्या आणि पडता पडता वाचल्या. तेव्हा कोठे त्यांच्या तक्रारीकडे सर्वांचे लक्ष गेले.

निरोप कसा जातो?

या प्रकारच्या पद्धतींपैकी सर्वांत परिचित अशी 'एक्स-टेन' पद्धत १९७५ साली स्कॉटलंडमधील ग्लेनरॉथेस येथील पिको इलेक्ट्रॉनिक्स या संस्थेने विकसित केली. अमेरिकेत विजेचा प्रवाह सेकंदाला ६० आवर्तने करतो; म्हणजेच सेकंदातून १२० वेळा त्याचा दाब शून्यावर येतो. त्या क्षणी तारेवर गडबड तुलनेने कमी असते. नेमक्या त्याच वेळी १२० किलोहर्ट्झ वारंवारितेचा, एक सहस्रांश सेकंद टिकणारा क्षीण स्पंद तारेवर सोडला जातो. स्पंद आला तर 'एक', न आला तर 'शून्य'. घराची १६ अक्षरे आणि उपकरणांचे १६ क्रमांक मिळून २५६ पत्ते होतात. निरोप दोनदा पाठविला जातो. परंतु सामान्य मॉड्यूल त्याची पोच देत नाही. बटण दाबणाऱ्यास हुकूम सुटला एवढेच कळते, तो पोहोचला की नाही हे कळत नाही. कार्यालयीन कामकाज करणाऱ्या आपणा सर्वांस ही अडचण नवी नाही.

दोष बहुधा वाटेत असतो

भगिनीच्या यजमानांनी प्रथम दोन मॉड्यूल बदलून पाहिले. खर्च झाला, गुण आला नाही. मग आम्ही क्रमाने तपासणी सुरू केली. आधी पत्त्याच्या चकत्या पाहिल्या; त्या बरोबर होत्या. नंतर दिव्याचे मॉड्यूल काढून बटणाशेजारच्या सॉकेटमध्ये लावले. तेथे ते प्रत्येक वेळी चालले. यावरून बटण आणि मॉड्यूल दोन्ही निर्दोष असून खोट वाटेत आहे, हे सिद्ध झाले.

यानंतर आम्ही आजींनाच विचारले, 'दिवा नेमका केव्हा लागत नाही?' त्या शांतपणे म्हणाल्या, 'नात जागून अभ्यास करते त्या रात्री लागत नाही. आणि सूनबाईंची भट्टी चालू असली की हमखास लागतो.' हे त्यांनी पूर्वीही सांगितले होते. परंतु म्हातारपणीचे बोलणे म्हणून कोणी मनावर घेतले नव्हते. आम्ही आठवडाभर एका वहीत वेळेसह नोंदी केल्या. आजींचा शब्द न् शब्द खरा ठरला.

कारणे दोन होती. अमेरिकन घरात रोहित्रातून १२० व्होल्टच्या दोन वाहिन्या येतात. बटण एका वाहिनीवर आणि दिवा दुसरीवर असेल, तर निरोपाला बाहेरच्या रोहित्रातून वळसा घ्यावा लागतो व तो क्षीण होतो. विजेची भट्टी दोन्ही वाहिन्यांना जोडलेली असल्याने ती तापत असताना निरोपाला घरातच पूल मिळे. दुसरे कारण नातीचा संगणक. त्याच्या जोडपट्टीतील गाळणी असे क्षीण स्पंद शोषून घेते. दूरदर्शन संचही असेच करू शकतो. काही चार्जर व बचतीचे दिवे उलट तारेवर गोंगाट निर्माण करतात. घरातील एकेक उपकरण सॉकेटमधून काढून पाहिले की असा अपराधी सापडतो.

उपाय सोपे निघाले. संगणकाच्या सॉकेटवर स्पंद अडवून धरणारी योग्य गाळणी बसविली, आणि परवानाधारक वीजतंत्र्याकडून दोन वाहिन्यांमध्ये स्पंदांपुरता दुवा जोडून घेतला. हे दुसरे काम घरच्या माणसाने कधीही करू नये. त्यात जिवाला धोका आहे. त्यानंतर माझ्या मुक्कामात एकही रात्र दिवा चुकला नाही.

आपल्याकडील संदर्भ

ही युक्ती आपल्यालाही परकी नाही. आपल्या उच्च दाबाच्या वाहिन्यांवरूनही उपकेंद्रे परस्परांशी संदेशवहन करीत आली आहेत. उपकेंद्रात तारेच्या वाटेवर पिंपाच्या आकाराचे वेटोळे दिसते. ते वीज जाऊ देते आणि संदेशाचे स्पंद अडविते, जेणेकरून ते भलतीकडे वाहून जाऊ नयेत. नातीच्या खोलीतील गाळणीचे कार्य हेच. मात्र परदेशातील आप्तांनी १२० व्होल्टचे मॉड्यूल भेट म्हणून आणल्यास ते आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला लावू नये.

बंधुभगिनींनो, आपल्यापुढे रोज तक्रारी येतात. नळाला पाणी येत नाही, दिवा लागत नाही, दाखला मिळाला नाही. यंत्र बदलण्यापूर्वी किंवा तक्रारदारास दोष देण्यापूर्वी दोन प्रश्न अवश्य विचारावेत : हे केव्हा घडते, आणि केव्हा घडत नाही? उत्तर वेळेसह नोंदवावे. नंतर एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. आणि काम झाल्यावर त्याची पोच तक्रारदाराकडूनच घ्यावी. आजींना कारण ठाऊक नव्हते, परंतु लक्षण अचूक ठाऊक होते. ते ऐकून घेतले असते, तर ठेच लागण्याची वेळच आली नसती.