करून घेणे, करून देणे



गुरुजींच्या स्मृत्यर्थ योजलेल्या या व्याख्यानात मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने स्पॅनिश क्रियापदांविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु पादऱ्यातील अनेक घरांची नातवंडे आज अमेरिकेत वाढत आहेत आणि तेथील शाळांत परभाषा म्हणून बहुधा स्पॅनिश शिकत आहेत. माझ्या नातीने दूरध्वनीवर विचारले, "आजोबा, बान्यार म्हणजे आंघोळ घालणे, बान्यार्से म्हणजे स्वतःला आंघोळ घालणे, हे कळलं. पण ईर म्हणजे जाणे, तर ईर्से म्हणजे स्वतःला जाणे कसं?"

तिने इंग्रजीच्या आधारे 'से' म्हणजे 'स्वतःला' असे समीकरण मांडले होते. ते खोटे नाही, अपुरे आहे. लॅटिनमधून स्पॅनिशमध्ये आलेला हा 'से' आणि आपल्या 'स्वतः'मधला 'स्व' एकाच प्राचीन मुळाचे. मात्र आपला 'स्वतः' मी, तू, तो सर्वांना सारखाच चालतो. स्पॅनिशमध्ये कर्त्यानुसार मे, ते, से, नोस, ओस अशी रूपे होतात.

खरी किल्ली पाणिनीकडे आहे. यज्ञ करणारा पुरोहित असेल तर 'यजति', स्वतःच्या फलासाठी यज्ञ करणारा यजमान असेल तर 'यजते'. पहिले परस्मैपद, दुसरे आत्मनेपद. क्रिया तीच, फळ कोणाकडे जाते एवढाच प्रश्न. मराठीने हे प्रत्यय टाकले, पण तो विचार टाकला नाही. 'लिहून दे' आणि 'लिहून घे' यांतील अंतर पाचवीतल्या मुलालाही कळते. आपला गुजराती शेजारी 'लखी आप' आणि 'लखी ले' म्हणतो, तेही तेच. (आत्मनेपदाची रूपे आपण घोकून पाठ केली, ती रोजच्या बोलण्यात कोठे उतरली आहेत, हे मात्र आपल्याला क्वचितच कोणी दाखवले.)

आता नातीचा प्रश्न. ईर म्हणजे जाणे, ईर्से म्हणजे निघून जाणे. कोमेर म्हणजे खाणे, कोमेर्से म्हणजे खाऊन टाकणे. दोर्मीर म्हणजे झोपणे, दोर्मीर्से म्हणजे झोप लागणे. येथे 'स्वतःला' शोधू नये. स्पॅनिश 'से'ने जे साधते, ते मराठी जाणे, टाकणे, घेणे, लागणे अशा क्रियापदांच्या जोडीने साधते. मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून संयुक्त क्रियापदे हा आपल्याकडे वादाचा विषय आहे. वाद राहो, मुलाला अर्थ कळतो, तो त्या जोडीमुळेच.

आणखी एक उलटापालट ध्यानी घ्यावी. आपण 'बसणे' हे मूळ धरतो आणि त्यावरून 'बसवणे' करतो. स्पॅनिश 'बसवणे' म्हणजे सेन्तार हे मूळ धरते आणि 'से' जोडून 'बसणे' करते, सेन्तार्से. उठणे-उठवणे यांचेही तसेच. आपण क्रियेत दुसऱ्याला आणण्यासाठी प्रत्यय लावतो, ते दुसऱ्याला वगळण्यासाठी. एवढे समजले की निम्मी यादी पाठ करावी लागत नाही.

परंतु मला सर्वांत मोलाचे वाटते ते वाक्य पेल्याचे. पेला हातातून सुटला तर स्पॅनिश मूल म्हणते, 'से मे कायो एल वासो.' इंग्रजीत सहसा 'मी पेला पाडला' असेच सांगतात. त्यामुळे नातीला हे स्पॅनिश वाक्य सबबीसारखे वाटले. मी तिला म्हटले, याचे मराठी कर. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "माझ्या हातून पेला पडला."

ही सबब नव्हे. 'पेला पडला' एवढेच म्हटले असते तर बोलणारा वाक्यातून निसटला असता. 'मी पाडला' म्हणताच हेतूचा संशय येतो. 'माझ्या हातून' म्हणणारा हेतू नाकारतो, पण आपला हात नाकारत नाही. स्पॅनिश वाक्यातला तो इवलासा 'मे' हेच काम करतो, आणि आपल्या गल्लीतले गुजराती मूलही 'माराथी पडी गयो' म्हणताना तेच करते. नातीला त्या वाक्याचा अर्थ इंग्रजीतून लागला नव्हता. घरच्या मराठीतून एका क्षणात लागला. घरी मराठी बोलायचे कशाला, असे विचारणाऱ्या पालकांना मी हल्ली हेच वाक्य स्पॅनिशमध्ये ऐकवतो आणि त्याचे मराठी करायला सांगतो.