बेकारी भत्त्याचे मासिक आकडे कसे वाचावेत?

(म्हैसूर येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय पाहून काहींना वाटेल की, बेकारी भत्त्याशी आपला काय संबंध? रेल्वे आणि टपाल खात्यातील कायम कामगाराला हा भत्ता लागू नाही आणि त्याची गरजही पडत नाही. हे खरे आहे. पण फलाट झाडणारा, डबे धुणारा, ठेकेदाराचा गणवेश घालून आपल्याच आवारात राबणारा कामगार कोणाचा? ठेका बदलला की त्याचे नाव कमी होते. त्याच्यासाठी आपण हा विषय घेतला आहे.

प्रथम थोडा इतिहास. ब्रिटनमध्ये 1911 च्या कायद्याने काही धंद्यांपुरता बेकारी विमा सुरू झाला. अमेरिकेत 1935 साली कायदा झाला आणि तिथे आजही दर आठवड्याला किती नवे दावे आले हे जाहीर होते. आपल्याकडे प्रा. अडारकर यांनी 1944 साली औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला, त्यातून 1948 चा राज्य कामगार विमा कायदा झाला. आजारपण, बाळंतपण, अपघात यांची सोय झाली. नोकरी जाण्याची मात्र झाली नाही.

याचा अर्थ काय ते म्हैसूरकरांना सांगायला नको. इथल्या यादवगिरीतला आयडियल जावा कारखाना 1996 साली बंद पडला. त्या वेळी कामगार विम्यात बेकारी भत्ता नावाची गोष्टच नव्हती. ती आली 1 एप्रिल 2005 रोजी, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेच्या रूपाने. कारखाना बंद पडला, कामगारकपात झाली किंवा कामाबाहेरच्या कारणाने कायमचे अपंगत्व आले, तर पगाराच्या निम्मा भत्ता. पुढे 1 जुलै 2018 पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली. तिच्यात सरासरी रोजच्या 25 टक्के रक्कम, जास्तीत जास्त 90 दिवस आणि तीही आयुष्यात एकदाच. ती दोन वर्षांसाठी प्रायोगिक म्हणून सुरू झाली, नंतर मुदत वाढवत चालवली गेली.

कोरोनाच्या काळात, ऑगस्ट 2020 मध्ये, तिचे नियम सैल केले. 25 चे 50 टक्के झाले. आधी 90 दिवस बेकार राहिल्यावर पैसे मागता येत, ते 30 दिवसांवर आणले. मालकामार्फत अर्ज करण्याची अट गेली; कामगाराने थेट शाखा कार्यालयात दावा करावा असे ठरले. 600 रुपये सरासरी रोज असलेल्या कामगाराचा हिशेब करा. जुन्या दराने 90 दिवसांचे 13,500 रुपये, नव्या दराने 27,000. मुलांची फी आणि घरभाडे भागण्याइतका हा फरक आहे.

आता मुद्द्याचे. दर महिन्याचे आकडे दोन रकान्यांत येतात. दावे किती आले आणि रक्कम किती दिली. टपालातल्या माणसाला हे चटकन कळेल. बुकिंग वेगळे, बटवडा वेगळा. आज बुक झालेले पत्र आजच पोहोचत नाही. एप्रिलमध्ये नोकरी गेलेल्या कामगाराचा दावा मे महिन्यात किंवा त्यानंतर येतो, तपासणी होते आणि पैसे आणखी पुढच्या महिन्यात दिसतात. म्हणून एकाच महिन्याच्या दोन रकान्यांची वजाबाकी करून इतके दावे फेटाळले असे म्हणणे चूक आहे. दाव्यांचा मागोवा ते ज्या महिन्यात दाखल झाले त्या महिन्यापासून घ्यावा लागतो.

दुसरी गोष्ट. नियम बदलला की आकडा बदलतो. 2020 च्या ऑगस्टनंतर दावे वाढले, तर त्याचा अर्थ सप्टेंबरात नोकऱ्या गेल्या असा होत नाही. नोकऱ्या मार्चपासूनच गेल्या होत्या, दरवाजा उशिरा उघडला. तसेच मुदत संपताना दावे घटले तर बेकारी घटली असेही नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तिकीट खिडकीवर किती तिकिटे विकली, यावरून फलाटावर राहून गेलेले प्रवासी मोजता येत नाहीत. ज्याचा विमाच उतरवला नाही, तो या आकड्यात कधीच येत नाही. विमा असूनही दिवस भरले नाहीत तर तोही बाहेर. सैल केलेल्या नियमातही लगतच्या सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात किमान 78 दिवसांची वर्गणी लागत होती. महिन्याला 13 दिवस धरले तर 78 भरतात. ठेकेदाराने 26 दिवस राबवून कागदावर 12 च दाखवले, तर सहा महिन्यांचे होतात 72. सहा दिवसांसाठी माणूस हक्कातून बाद! आणि त्या महिन्याचा दाव्यांचा आकडा कमी दिसतो म्हणून वर समाधान व्यक्त केले जाते.

महाराष्ट्राच्या बांधवांना हा अनुभव नवा नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा कायदा 1977 साली झाला. काम मागितल्यापासून 15 दिवसांत मिळाले नाही तर बेकारी भत्ता, असे त्यात लिहिले होते. पण मागणीची तारीखवार पोचच हातात नसेल, तर 15 दिवस मोजायचे कधीपासून? पोच नाही तर दावा नाही आणि दावा नाही तर आकडाही नाही.

इथे कर्नाटकात जानेवारी 2024 मध्ये युवा निधी सुरू झाला. पदवीधराला महिना 3,000 आणि पदविकाधारकाला 1,500 रुपये, जास्तीत जास्त दोन वर्षे. योजना चांगली आहे, पण ती शिकून बाहेर पडलेल्या तरुणांसाठी आहे. नोकरी गेलेल्या चाळिशीतल्या कामगाराला तिचा उपयोग नाही. तिचे आकडे आणि कामगार विम्याचे आकडे एकत्र मिसळू नका.

नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या कामगार संहिता अमलात आल्या. कपात झालेल्या कामगाराच्या खात्यावर 15 दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम 45 दिवसांत जमा करण्याची तरतूद औद्योगिक संबंध संहितेत आहे. ती कपातीच्या नुकसानभरपाईहून वेगळी आहे. तिचाही हिशेब आपणच ठेवायचा.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक शाखेने एक नोंदवही घालावी. दर महिन्याला पाच रकाने: आपल्या आवारातले किती ठेका कामगार कमी झाले, किती जणांचा विमा होता, किती जणांचे दिवस भरले, किती जणांनी दावा केला, किती जणांना पैसे मिळाले. ठेका चालू असतानाच प्रत्येकाला आपल्या वर्गणीचे दिवस तपासायला लावा. ठेका संपल्यावर तपासून उपयोग नाही. दावा करण्यापूर्वी शाखा कार्यालयातून चालू नियम लिहून घ्या आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

वर्षभर ही नोंदवही चालली, तर बारा महिन्यांचा आपला स्वतःचा तक्ता तयार होईल. कोणत्या रकान्यात माणसे गळतात ते त्यात दिसेल. तिसऱ्या रकान्यात गळत असतील तर भांडण ठेकेदाराशी आणि त्याला ठेका देणाऱ्या प्रशासनाशी. पाचव्यात गळत असतील तर विमा कार्यालयाशी. निवेदन देताना भावनेपेक्षा हा कागद जास्त बोलेल.

कायम कामगाराने ठेका कामगारासाठी ही वही लिहावी, यालाच आम्ही एकजूट म्हणतो. नाहीतर घोषणा आपण रोजच देतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!