जोतं किती उंच घ्यायचं?

आमच्या भंडारा-गोंदियाकडे गावोगावी मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव आहेत. तलावाकाठी कुणाचं घरकुल मंजूर झालं की आम्ही गटाच्या बाया पाया खोदण्याआधीच जागेवर जातो. जोतं एकदा बांधलं की उचलता येत नाही.

दोन खुणा बघतो. पहिली सांडव्याची. मिस्त्रीच्या पाणीनळीने ती पातळी जागेवर आणून खुंटीवर चुना लावतो. सांडव्यावरूनही पाणी चढून वाहतं, म्हणून म्हाताऱ्या आजीला विचारतो, मोठ्या पुरात पाणी कुठवर आलं होतं? जोतं त्याच्याही वर हवं.

दुसरी खूण शेजारच्या विहिरीची. पावसाळा सरताना पाणी किती हात खाली आहे ते मोजायचं. वरच असेल तर जमिनीखाली खोली किंवा धान्याचं पेव नको.

राष्ट्रीय इमारत संहितेत जोतं भोवतालच्या जमिनीपासून किमान ४५ सेंटिमीटर, म्हणजे दीड फूट सांगितलं आहे. तलावाकाठी तेवढ्यावर थांबू नका. जोत्यावर ओल अडवणारा थर घालून घ्या, नाहीतर ओल भिंतीत चढते आणि धानाची पोती खराब होतात.

भरणीला मुरूम जास्त लागेल, हप्ता पुरणार नाही. तेवढ्यासाठी गटातून कर्ज घ्या, पण जोतं खाली घेऊ नका.