वही कुणाच्या हातात?

वाड्यांवरून आणि कोळीवाड्यांतून सकाळची पहिली एसटी पकडून आलेल्या आईवडिलांनो, आणि आज पदवी घेतलेल्या मुलामुलींनो,

आधी एक कामाची गोष्ट. हातातल्या प्रमाणपत्रावरचं नाव आणि जातीच्या दाखल्यावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का, ते घरी जाण्यापूर्वी बघून घ्या. मुकणेचं मुकने झालं असेल, तर आजच कार्यालयात सांगा. उद्या जात पडताळणी समितीसमोर उभं राहाल तेव्हा माझं भाषण आठवणार नाही, ही सूचना आठवेल.

मला आज मुख्यतः आदिवासी मुलांशी बोलायचंय. कातकरी, ठाकर, महादेव कोळी. बाकीच्यांनी ऐकायला हरकत नाही, त्यांनाही बरंचसं लागू पडेल. विषय आहे उद्योगाच्या कल्पना मांडायच्या स्पर्धांचा, ज्याला सगळे ‘पिच’ म्हणतात. पाच मिनिटं बोला, पाच मिनिटं प्रश्नांना उत्तरं द्या. अशा स्पर्धांत मी परीक्षक म्हणून बसते. वाडीवरचा मुलगा मंचावर आला की सभागृहाचा सूरच बदलतो. त्यानं तोंड उघडायच्या आत टाळ्या पडतात. मला त्या टाळ्यांची भीती वाटते. त्या मुलाच्या मालाला कोणी प्रश्न विचारत नाही, आणि प्रश्न न विचारणारा परीक्षक तुम्हाला ऑर्डरही देत नसतो.

आदिवासी मुलांमध्ये आत्मविश्वास नाही, असं सर्रास म्हटलं जातं. म्हणणाऱ्यांना उरणातल्या चिरनेरला घेऊन जा. 25 सप्टेंबर 1930 रोजी तिथल्या जंगल सत्याग्रहात पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्यात नाग्या महादू कातकरी हा तरुण हुतात्मा झाला. बंदुकीपुढे उभं राहणारी ही माणसं. खैराचा काथ पाडणं हा कातकऱ्यांचा पिढीजात धंदा होता, स्वतःच्या हातातला. इंग्रजांच्या जंगल कायद्यांनी तो काढून घेतला आणि माणसं कोळसाभट्टीवर, वीटभट्टीवर गेली. पुढचं तुम्हाला मी सांगायला नको. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा उचल घ्यायची. दिवाळी झाली की बिऱ्हाड भट्टीवर. विटा किती पाडल्या, हजारी दर काय लागला, उचलीतले किती फिटले, सगळं भट्टीवाल्या शेठच्या वहीत. पावसाच्या तोंडावर शेठ वही उघडून सांगतो, अजून एवढे राहिले. ती वही आपल्या माणसानं कधी हातात घेऊन पाहिली नाही. धाडस कमी नव्हतं. वही आपली नव्हती.

म्हणून या स्पर्धांकडे मी जरा वेगळ्या नजरेनं बघते. ‘तुझा हिशोब काय?’ असं कातकरी पोरीला समोरासमोर विचारणारी जागा आपल्याकडे फारशी नाही. इथं ते विचारतात, आणि वही तिच्याच हातात असते.

अशाच एका स्पर्धेत सुधागड तालुक्यातली एक मुलगी रानभाज्या घेऊन आली होती. टेबलावर शेवळांच्या जुड्या, शेजारी काकडं. मुंबईच्या परीक्षकांनी शेवळं पाहिलेलीही नव्हती. पहिल्या पावसात जमिनीतून वर येतात, घशाला खाजतात, म्हणून काकडाचं आंबट फळ सोबत शिजवायचं, हे तिनं न अडखळता सांगितलं. मग कोणीतरी विचारलं, खर्च किती येतो? ती म्हणाली, ‘खर्च काही नाही, जंगलातलं आहे.’ परीक्षकानं कागदावर शून्य लिहिलं.

मी म्हटलं, थांबा. घरातून कितीला निघता? ती आणि आई, पहाटे. दिवसभरात दोघींच्या मिळून चाळीसेक जुड्या होतात. रोजगार हमीचा तेव्हाचा दर दिवसाला 312 रुपये धरला, तर दोघींचे 624. पालीपर्यंत टमटमचं जाण्यायेण्याचं भाडं दोघींचं 120. झाले 744. चाळीसांनी भागलं की जुडीला 18 रुपये 60 पैसे. व्यापारी काय देतो? पंधरा. तिनं मान खाली घालून पुन्हा भागाकार केला आणि म्हणाली, ‘म्हणजे दर जुडीला साडेतीन रुपये मीच त्याला देत होते.’

त्यानंतर तिचा आवाज बदलला. एक परीक्षक म्हणाले, शेवळं दोनतीन आठवड्यांत संपतील, पुढे काय विकणार? ती म्हणाली, शेवळं गेली की कुळू, टाकळा, कुर्डू, मग कर्टोली, भारंगी तर आहेच. आणि व्यापाऱ्याला नाही, मांडव्याच्या बाजूच्या फार्महाऊसवाल्यांना थेट, आगाऊ सांगून. तिला त्या दिवशी बक्षीस मिळालं नाही. माझ्या मते मिळायला हवं होतं, पण आम्ही परीक्षक तिघे होतो.

आता शहापूरचं बघा, ठाणे जिल्ह्यातलं. तिथल्या कातकरी तरुणांनी कच्ची गुळवेल स्थानिक बाजारात विकण्यापासून सुरुवात केली. वेल तोडायचे, आठदहा दिवस वाळवायचे, शेडमध्ये आणून चूर्ण करायचं, पाकिटं सील करायची. सरकारच्या वन धन केंद्राची जोड मिळाली आणि करोनाच्या काळात डाबर, हिमालया, बैद्यनाथ अशा कंपन्यांकडून 350 टनांची, 1 कोटी 57 लाखांची मागणी नोंदवली गेली. आकडा मोठा आहे, टाळ्या घेणारा आहे. पण भागाकार इथंही करा. किलोला पंचेचाळीस रुपयांच्या आसपास पडतात. त्यात वेल तोडणाऱ्या बाईच्या हाती किती, वाहतुकीत किती, शेडच्या विजेला किती? मंचावर 1 कोटी 57 लाख सांगणारा भाव खाऊन जाईल, पण पंचेचाळीस रुपयांची फोड सांगता येणाऱ्यालाच पुढची ऑर्डर कोणत्या भावानं घ्यायची ते कळेल.

बक्षिसांचं म्हणाल तर 2022 च्या महाराष्ट्र स्टार्टअप यात्रेत जिल्ह्याचं पहिलं बक्षीस 25 हजारांचं होतं. तेवढ्यात एक चांगलं वाळवणी यंत्रही येत नाही. मला त्यापेक्षा महाराष्ट्र स्टार्टअप वीकची पद्धत आवडते. तिथं निवडलेल्या 24 उद्योगांना सरकारी खात्यांचं 15 लाखांपर्यंतचं काम मिळू लागलं. चेकसोबतचा फोटो वर्षभरात पिवळा पडतो, कामाचा आदेश मात्र पुढच्या गिऱ्हाईकाला दाखवता येतो. स्पर्धा निवडताना एवढं बघा.

भाषेचं काय, हे दरवेळी विचारलं जातं. मराठीत बोललं तर चालेल का, असं विचारू नका, मराठीत सुरू करा. समोरच्याला समजलं नाही तर तो विचारेल. आणि गरिबी विकू नका. वडील भट्टीवर होते हे एका वाक्यात सांगा, पाच मिनिटांतली चार त्यात घालवू नका. रडू आलेला परीक्षक गुण देतो, माल घेत नाही. हरलात तर परीक्षकाला गाठून विचारा, माझ्या कुठल्या उत्तरावर तुमचा विश्वास बसला नाही? हा प्रश्न विचारायला मंचावर बोलण्यापेक्षा जास्त हिंमत लागते.

आयोजकांनाही एक सांगते. कॅनडात सनशाइन टेनास्को या आदिवासी उद्योजिकेनं 2015 मध्ये ‘पाव-वाव पिच’ नावाची स्पर्धा सुरू केली. तिथं बोलणारे आदिवासी आणि परीक्षकांतही आदिवासी उद्योजक. आपल्याकडे परीक्षकांच्या रांगेत एक तरी कातकरी बाई बसवा. शेवळांचा भाव तिला कोणी शिकवायला नको.

एक गोष्ट मात्र मंचावर सुटणार नाही. रायगडातल्या कितीतरी कातकरी वाड्या आजही दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवर उभ्या आहेत. बँक सातबारा मागते, तो कुठून आणायचा? त्यात 12 जानेवारी 2024 ला मुंबईहून येणाऱ्या अटल सेतूचं उद्घाटन झालं. तो उरणात चिर्ल्याला उतरतो, चिरनेरच्याच मुलखात. मुंबईचं गिऱ्हाईक दारात आलं आणि जागांचे भावही चढले. वन हक्क कायद्यानं 2006 मध्ये गौण वनोपजावर तुमची मालकी मान्य केली. घराखालच्या जागेसाठी मात्र भांडावं लागेल, आणि त्या भांडणात तुमच्यासारखी शिकलेली पोरं लागतील.

शेवटचं आईबापांना सांगायचंय. यंदा दिवाळीनंतर कोणी भट्टीवर जाणार असाल, तर उचलीच्या कागदावर अंगठा उठवण्याआधी तो कागद या पोरांच्या हातात द्या. आणि पोरांनो, पावसाच्या तोंडावर हिशोब होईल तेव्हा आईबापांसोबत भट्टीवर जा, स्वतःची वही घेऊन.