चित्रांतलें फुलपाखरूं आणि बांधावरची रुई

घराची भिंत असो, रुमालाचा कोपरा असो वा अंगणांतली रांगोळी असो, फुलपाखरूं काढणें सर्वांत सोपें मानलें जातें. मधोमध एक रेघ, दोहों बाजूंस सारखे पंख, त्यांत मनास येईल तो रंग. भोंवतीं वेली, पानें, फुलें भरलीं कीं बाग सिद्ध झाली! सजावटीच्या चित्रानें निसर्गाची हुबेहूब नक्कल करावी, असा कोणाचाच आग्रह नसतो. निवडणें, गाळणें आणि नेटकें मांडणें हा त्याचा अधिकारच आहे. प्रश्न एवढाच कीं, निवडण्यापूर्वीं पाहिलें पाहिजे कीं नाहीं?

याचें उत्तर एका फार जुन्या चित्रांत सांपडतें. इजिप्त देशांत थीब्ज येथें नेबामून नांवाच्या अधिकाऱ्याच्या थडग्याच्या भिंती सुमारें इ. स. पूर्व १३५० मध्यें रंगविल्या गेल्या. त्यांतील कांहीं भाग आज लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें आहेत. त्यांपैकीं एका चित्रांत नेबामून होडींत उभा राहून पाणपक्ष्यांची शिकार करीत आहे. समोर पपायरसचें दाट बेट, आणि तेथें पक्षी व फुलपाखरें. सारें चित्र संकेतांनीं बांधलेलें आहे. चेहरा बाजूनें दिसतो, पण डोळा समोरून. फुलपाखरांचे पंखहि तसेच ठराविक रीतीनें मांडलेले आहेत. तरीहि त्यांची जात ओळखतां येते! नारिंगी पंख, काळी किनार, तींत पांढरे ठिपके आणि मागच्या पंखांवर काळे ठिपके: हें इंग्रजींत ज्यास ‘प्लेन टायगर’ म्हणतात तेंच फुलपाखरूं.

तें पाहण्यास इजिप्तला जाण्याचें कारण नाहीं. हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथास किंवा संत नामदेवांच्या नर्सीस जाणाऱ्या वाटसरूस माळावर, बांधावर रुई भेटते. शनिवारीं मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात, तीच ही. तिच्या पानावर मादी एकेक अंडें घालते. सुरवंट तें चिकाळ पान खातो, चिकांतलें विष अंगांत सांठवितो, आणि फुलपाखरूं झाल्यावरहि तें उरतें. एकदां चव घेतलेला पक्षी पुन्हां सहसा त्या नारिंगी पंखांच्या वाटेस जात नाहीं. भिंतीवर जी शोभा वाटते, ती बांधावर धोक्याची खूण आहे.

म्हणून ज्या घरांत मुलें फुलपाखरूं काढावयास शिकत असतील, तेथें वडीलमाणसांनीं त्यांस एखादी सकाळ रुईपाशीं न्यावें. कुरतडलेलें पान, पट्टेदार सुरवंट, टांगलेला कोश हें सारें एकाच झाडावर दिसेल. मग मुलांनीं खुशाल गाळावें, खुशाल सजवावें. परंतु रुई निरुपयोगी म्हणून समूळ खणली, तर पुढच्या पिढीस तें फुलपाखरूं केवळ चित्रांतच पाहावें लागेल.